तुम्ही विचारलंत म्हणून: आयती इमेज असताना आपली काहून बांधायची?

‘ताई, टॉमकॅटची इमेज डॉकर हबवर आयती भेटते ना, मग आपण काहून बांधून राहिलो?’ जुलै-ऑगस्टात कॉलेजातून नवी पोरं आमच्या टीममध्ये आली की हा प्रश्न ठरलेला. आयटी पार्कच्या रस्त्यावर तर्री-पोह्याची प्लेट हातात धरून त्याचं उत्तर अर्धंच देता येतं, म्हणून सविस्तर लिहिते. (डॉकर म्हणजे ॲप सगळ्या सामानासकट एका बंद पेटीत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवण्याची सोय. इमेज हा त्या पेटीचा साचा, डॉकर हब हे आयत्या इमेजचं ऑनलाइन कोठार, आणि टॉमकॅट हा जावातली वेब ॲप चालवणारा सर्व्हर.)

प्रश्न रास्त आहे. त्या इमेजमध्ये जावा आहे, टॉमकॅट आहे, ८०८० पोर्ट उघडा आहे. वॉर फाइल, म्हणजे आपल्या ॲपचं गाठोडं, ठेवली की ॲप उठतं. पण ती सगळ्या जगासाठी केलेली आहे. नागपुरात खोली भाड्यानं घेतली तर पंखा घरमालकाचा असतो, कूलर आपला आपण आणायचा, तसंच हे. आमचं सॉफ्टवेअर पतसंस्थांच्या हिशेबाचं. पावत्या मराठीत, व्याज रात्री लागतं, सर्व्हर बेताचे. यातलं काहीच आयत्या इमेजला ठाऊक नसतं.

पावतीचंच घ्या. जावाकडून पीडीएफ काढली आणि ‘शिल्लक’ या शब्दाच्या जागी चौकोनी डबे आले, तर त्या इमेजमध्ये देवनागरी फाँट नाही. फाँट अजिबात नसतात असं नाही. सहसा देजावूसारखं काहीतरी असतं, पण त्यात देवनागरी अक्षरं नाहीत. आपल्या लॅपटॉपवर हे कधीच दिसत नाही, कारण तिथे फाँट आधीपासून पडलेले असतात. ‘लोकलवर तर बरोबर येऊन राहिलं’ हे वाक्य मी सगळ्यात जास्त याच बाबतीत ऐकलं आहे. आमच्या डॉकरफाइलमध्ये (इमेज कशी बांधायची ते लिहिलेली फाइल) म्हणून नोटो सान्स देवनागरी आणि लोहित हे दोन फाँट चढवणारी ओळ आहे, आणि तिच्याखाली लगेच ‘एफसी-लिस्ट’ या फाँटची यादी देणाऱ्या कमांडला मराठीचे फाँट विचारणारी दुसरी. यादी रिकामी आली तर बिल्ड तिथेच पडतो. पावती ग्राहकाच्या हातात गेल्यावर कळण्यापेक्षा हे बरं.

डब्यांऐवजी प्रश्नचिन्हं आली तर मात्र फाँटच्या मागे लागू नका. डबा म्हणजे अक्षर शाबूत आहे, फक्त काढता येत नाही. प्रश्नचिन्ह म्हणजे अक्षरच गेलं. जावा १८ च्या आधी, म्हणजे २०२२ पूर्वी, मजकुराचं एन्कोडिंग (अक्षरं आकड्यांत साठवण्याची पद्धत) सांगितलं नसेल तर जावा ते सिस्टिमच्या लोकेलवरून, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवरून, ठरवायची. इमेजमध्ये लोकेलच नसेल तर ते उघडं आस्की, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरांचं, आणि त्यात मराठीला जागा नाही. अशा वेळी डेटाबेसमध्ये किंवा फाइलमध्ये खरोखरची प्रश्नचिन्हं जाऊन बसतात. नंतर कितीही फाँट चढवा, खातेदाराचं नाव परत येत नाही. अजून पुष्कळ ठिकाणी जावा ८ आणि ११ चालू आहेत, त्यामुळे लोकेल यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या मावणारं एन्कोडिंग) करणारी ओळ आम्ही डोळे झाकून लिहितो.

तिसरा प्रकारही आहे. अक्षरं दिसतात, पण पहिली वेलांटी ‘श’च्या आधी यायची ती नंतर येते आणि ‘ल्ल’ सुटा पडतो. तो दोष पीडीएफ काढणाऱ्या लायब्ररीचा. तिला अक्षरांची जोडणी जमत नाही. इमेज त्यात काही करू शकत नाही.

आता वेळ. कंटेनरचं घड्याळ सांगितलं नाही तर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. दिवसा हे चालून जातं, कारण तारीख एकच असते. रात्री १२ ते पहाटे साडेपाच मात्र कंटेनरमध्ये कालचीच तारीख असते, आणि व्याज लावण्याची कामं नेमकी तेव्हाच चालतात. १ एप्रिलच्या रात्री २ वाजता पडलेली नोंद ३१ मार्चची म्हणून जुन्या आर्थिक वर्षात गेली, तर लेखापरीक्षक काय म्हणतील ते मी सांगायला नको. टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ करायला एक ओळ लागते. ती रन करतानाही देता येते, हे खरं. पण मग ती प्रत्येक सर्व्हरवर, प्रत्येक वेळी, प्रत्येकाच्या लक्षात राहावी लागते. इमेजमध्ये लिहिली की विषय संपला. माझ्या मते आपली इमेज बांधण्याचं मुख्य कारण हेच: एखाद्या सीनियरच्या डोक्यात असलेल्या गोष्टी फाइलमध्ये येतात आणि तो सुट्टीवर गेला तरी तिथेच राहतात.

मेमरीचं थोडक्यात. जावा १० पासून, आणि जावा ८ च्या १९१ व्या अपडेटपासून, जावा कंटेनरला दिलेली मर्यादा ओळखते, पण हीपसाठी (ॲपचा डेटा राहतो ती जागा) मुळात तिचा चौथा हिस्साच घेते. २ जीबी दिलेत तर ५१२ एमबी. पोरं मग ती टक्केवारी थेट ९५ करतात आणि कंटेनर १३७ कोड देऊन (म्हणजे मेमरी ओलांडली म्हणून मारला जाऊन) मरतो, कारण थ्रेड आणि मेटास्पेस (क्लासची माहिती राहते ती जागा) हीपच्या बाहेर जागा खातात. आम्ही ७० च्या आसपास ठेवतो.

बंद होण्याकडे कोणी बघत नाही. ‘डॉकर स्टॉप’ म्हटलं की कंटेनरमधल्या पहिल्या प्रोसेसला थांबण्याचा सिग्नल जातो, १० सेकंद वाट पाहिली जाते, मग सरळ मुंडी छाटली जाते. आयत्या इमेजमध्ये टॉमकॅट हीच पहिली प्रोसेस असते. आपण सुरुवातीला चार गोष्टी करणारी शेल स्क्रिप्ट घातली आणि तिच्या शेवटच्या ओळीत शेलच्या जागी टॉमकॅटला बसवणारं ‘एक्झेक’ लिहिलं नाही, की पहिली प्रोसेस शेल होते, सिग्नल तिच्यापाशीच अडकतो आणि टॉमकॅटला काही कळतच नाही. तुमचा कंटेनर थांबायला दर वेळी बरोबर १० सेकंद घेत असेल तर आधी ती स्क्रिप्ट उघडा.

थरांचा क्रम हा आमच्याकडचा कळीचा मुद्दा, कारण काही शाखा गडचिरोलीकडे आहेत आणि तिथलं नेट बेभरवशाचं. डॉकरफाइलमधल्या जवळपास प्रत्येक सूचनेचा इमेजमध्ये एक थर बनतो. एक थर बदलला की त्याच्या खालच्या ओळींचे सगळे पुन्हा बनतात. फाँट, लोकेल, टाइमझोन वर. मग लायब्रऱ्या. आपला कोड सगळ्यात शेवटी. वॉर फाइल अख्खी टाकली तर एका ओळीच्या दुरुस्तीसाठी सगळ्या जार (लायब्रऱ्यांच्या फाइली) शाखेत पुन्हा डाउनलोड होतात. म्हणून आम्ही वॉर आधी सोडवतो आणि जारचा थर वेगळा ठेवतो. मावेन (कोडपासून वॉर बनवणारं साधन) आणि सोर्स बांधणीच्या पहिल्या टप्प्यातच राहतात, शेवटच्या इमेजमध्ये येत नाहीत. एकाच फाइलमध्ये असे टप्पे करण्याची सोय २०१७ मध्ये डॉकरच्या १७.०५ आवृत्तीत आली.

थरांचाच दुसरा पैलू पासवर्डचा. एका ओळीत कॉपी केला, पुढच्या ओळीत पुसला, तरी तो आधीच्या थरात तसाच असतो आणि इमेज हातात असलेला कोणीही काढू शकतो. तो रन करतानाच द्यायचा.

बाकी किरकोळ. रूट (सगळे अधिकार असलेला यूजर) सोडून वेगळा यूजर ठेवा. आयती इमेज रूटवर चालते. ८००५ चा शटडाउन पोर्ट बंद करा. आणि ‘लेटेस्ट’ टॅग (इमेजच्या आवृत्तीचं लेबल) कुठेही नको: टॉमकॅट ९ पर्यंत सर्व्हलेटची, म्हणजे जावा वेब ॲपच्या पायाची, पॅकेजं ‘जावाएक्स’ नावाची, १० पासून ‘जकार्ता’. जुनं ॲप नव्यावर गेलं की लॉगमध्ये क्लास सापडत नाही म्हणून बोंब, आणि तुम्ही आपल्या कोडमध्ये काय बदललं ते शोधत बसता.

प्रत्येकानं हे करावंच असं नाही. ऑफिसातलं इंग्रजीतलं छोटं टूल असेल, चार जण वापरत असतील, तर आयती इमेज घ्या, आवृत्ती नीट लिहा, झालं. बांधलेली इमेज सांभाळावीही लागते. कोड बदलला नाही तरी खालची बेस इमेज बदलत असते, म्हणून आम्ही दर महिन्याला नव्यानं बांधतो. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीतलं भगदाड उघडं पडलं तेव्हा टॉमकॅट स्वतः ती लायब्ररी वापरत नव्हता, आमच्या वॉरमध्ये मात्र ती होती. आवृत्ती बदलून, बांधून, सगळीकडे तीच इमेज पाठवता आली. एकेका सर्व्हरवर जाऊन जार शोधावी लागली नाही.

यानंतर हमखास येणारा प्रश्न: ‘मग अल्पाइन (छोट्या लिनक्सवरची इमेज) घ्यायची का? लहान येते.’ आमच्या कामाला मी नको म्हणते. तिच्यात ग्लिबसी या नेहमीच्या सी लायब्ररीऐवजी मसल ही दुसरी आहे, आणि नेटिव्ह (जावाबाहेरचा, थेट यंत्रासाठी बनवलेला) कोड असलेल्या काही लायब्रऱ्या त्यावर अडतात. शिवाय आमच्या इमेजच्या तळाशी असलेल्या उबुंटूचा (हेही एक लिनक्स) तो मोठा थर शाखेत एकदाच उतरतो, पुढे बेस बदलेपर्यंत तोच चालतो. तुमच्या ॲपला फाँट लागत नसतील आणि नेटिव्ह काही नसेल, तर खुशाल घ्या.