तुम्ही विचारलंत म्हणून: ती लेन्स पांढरी का?

माझ्या कॅमेऱ्याची मोठी पांढरी लेन्स बघून लग्नात विचारतात, इंदूरच्या होळकर स्टेडियमच्या गेटवर विचारतात, सिरपूर तलावाच्या पाळीवर सकाळी फिरायला आलेले आजोबा विचारतात. एकदा दाताच्या डॉक्टरांनी विचारलं, तेही माझं तोंड उघडं असताना. ही लेन्स पांढरी का हो? काहींना खरंच जाणून घ्यायचं असतं. बाकीच्यांना 'दिखाव्यासाठीच ना?' असं म्हणायचं असतं, पण ते सभ्य असतात. आमच्या आईचा मुद्दा वेगळाच होता. एवढे पैसे घातलेस, जरा मळखाऊ रंग मिळाला नाही का? तिचं म्हणणं मला पटलेलं आहे. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंग उडवत निघणाऱ्या मिरवणुकीला, मी ही लेन्स नेत नाही.

सरळ उत्तर एका शब्दाचं आहे: ऊन. माझी कॅननची ७०-२०० (मिमी, लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स) म्हणजे दीड किलोचं नळकांडं आणि आत तेवीस भिंगं. नळकांडं तापलं की वाढतं, भिंगांमधली अंतरं केसभर सरकतात आणि जिथे नेमका फोकस हवा तिथे तो राहत नाही. म्हणून तर मोठ्या लेन्सचं फोकसचं कडं 'अनंत'च्या, म्हणजे सगळ्यात लांबच्या वस्तूंच्या, खुणेच्याही थोडं पुढे फिरतं. तापलेल्या लेन्सचा अनंत जागेवर नसतो.

शिवाय त्या तेविसातलं एक भिंग फ्लोराइटचं आहे. हा कॅल्शियम फ्लोराइडचा स्फटिक. पांढऱ्या बगळ्याच्या कडेला जांभळी किनार येते ना, ती घालवण्यात त्याचा हात धरणारं दुसरं काही नाही. पण स्वभावाने नाजूक. उष्णतेने तो भिंगाच्या नेहमीच्या काचेच्या दुपटीहून जास्त प्रसरण पावतो आणि एकदम तापला-गार झाला तर तडकण्याची भीती. कॅननने १९६९ मध्ये कारखान्यात वाढवलेला असा स्फटिक ३०० मिमीच्या लेन्समध्ये घातला आणि पुढे सत्तरच्या दशकात त्यांच्या मोठ्या लेन्स पांढऱ्या यायला लागल्या. पांढरा रंग ऊन परतवतो, काळा पिऊन टाकतो. इंदूरच्या मे महिन्यात, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, काळी आणि पांढरी लेन्स शेजारी ठेवून हात लावून बघा, मला विचारायची गरज पडणार नाही. पुढेही त्या रंगावर काम चालू राहिलं. २०१८ मध्ये कॅननच्या ४०० आणि ६०० मिमीच्या तिसऱ्या आवृत्त्या आल्या, त्यांचा रंग उष्णता अधिक परतवावी म्हणून नव्याने बनवलेला आहे.

झालं. बरीच वर्षं मी इथेच थांबत असे, आणि कोणी 'दिखावा' म्हणालं की चिडत असे.

आता चिडत नाही, कारण कॅननची स्पर्धक निकॉन. त्यांची २०१३ ची ८०० मिमी बघा. आत फ्लोराइट आहे आणि बाहेरून ती काळीकुळकुळीत आहे. तिच्यातून फोटो धूसर येतात असं कोणी म्हणत नाही. उलट कॅननची १९९५ ची पहिली ७०-२०० एफ २.८ (म्हणजे जास्त उजेड आत घेणारी) घ्या. आत फ्लोराइटचा कण नाही, तरी पांढरी. तिच्या आधीची ८०-२०० काळी होती. फुला-किड्यांसाठीची १८० मिमीची मॅक्रोसुद्धा पांढरी. आणि सोनीच्याही ७०-२०० पांढऱ्या आहेत. मॅच बघताना सीमारेषेपलीकडे पांढऱ्या नळ्यांची रांग दिसते ती कॅननची, हे बरीच वर्षं सांगावं लागत नसे. अशी जाहिरात कोणाला नको आहे? म्हणजे कारण उन्हाचं होतं, त्याचा गणवेश झाला. दोन्ही खरं. आणि हेही सांगून टाकतो, भर दुपारी तलावावरची हवाच थरथरते, तेव्हा लेन्स पांढरी असो की हिरवी, पलीकडचा करकोचा वितळलेलाच येतो.

पण मला हा प्रश्न नकोसा का झाला ते सांगायचं तर एक लग्न सांगावं लागेल.

ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकलो ते काका (नाव लिहिलेलं त्यांना आवडणार नाही) अजून निकॉनची जुनी ८०-२०० वापरतात. काळी. कडांचा रंग उडून खालचा धातू दिसतो आणि फोकस करताना ती घर्र करते. फेब्रुवारीतलं लग्न, बायपासकडचं गार्डन, आदल्या रात्रीचं सीमांतपूजन. काम मला मिळालं होतं आणि दुसरा कॅमेरा म्हणून मी काकांना बोलावलं होतं. हाताशी शेकोट्या पेटल्या होत्या इतकी थंडी. मुलीचे मामा आले, काकांच्या हाताकडे बघितलं आणि मला म्हणाले, "अहो, पांढऱ्या लेन्सवाले दोघं सांगितले होते ना? यांची तर काळी आहे."

काका दोन हातांवर उभे होते.

मी समजावायला गेलो. रंगाचा संबंध उन्हाशी, आता रात्र आहे, फोटोत काडीचा फरक पडणार नाही, शिवाय यांच्याइतका हात इंदुरात कोणाचा नाही. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. मग म्हणाले, "बरं. मग तुम्ही रात्रीची पांढरी कशाला आणलीत?"

मी तोंड उघडेपर्यंत काकांनी खिशातून पांढरा रुमाल काढला, लेन्सभोवती गुंडाळला, बॅगेतली दोन रबरं चढवली आणि म्हणाले, "घ्या. झाली पांढरी." मामा हसले, आजूबाजूचे हसले, मीही हसलो. मामा जेवायला निघून गेले. काकांनी रुमाल काढला नाही. पाय धुताना, ओवाळताना, पंगतीत, रात्री शेवटचा पाहुणा जाईपर्यंत तो तसाच. झूम फिरवायला तो अडचणीचा होता, दर वेळी त्याखाली बोटं सरकवावी लागत होती. मी एकदा म्हटलं, "काका, आता काढा ना." ते म्हणाले, "असू दे, पार्टीला आवडलाय."

हिशेबाच्या दिवशी दुसऱ्या कॅमेऱ्याचे पैसे कमी केले गेले. "तो साधा होता ना." मी भांडलो, अर्धे परत मिळवले. त्या अल्बममधले कोणते फोटो कोणाचे हे त्यांना माहीत नाही. खरं सांगायचं तर आता मलाही सगळे ओळखता येणार नाहीत.

मामांच्या प्रश्नाला मी मनातल्या मनात पुष्कळ उत्तरं दिली आहेत. माझ्याकडे तीच आहे म्हणून. एफ २.८ आहे, रात्री उजेड कमी असतो म्हणून. हात हलला तरी सांभाळून घेते म्हणून. सगळी खरी आहेत. पण माझ्या कार्डावर माझा जो फोटो आहे, त्यात ती लेन्स माझ्या चेहऱ्यापेक्षा मोठी दिसते, आणि तो फोटो मीच निवडला होता. काळी असती तर मामांनी मला बोलावलं असतं का? बहुतेक नसतं. मग मी ती विकायची का? का म्हणून? लेन्स उत्तम आहे. ती उगाच पांढरी आहे असं कोणी म्हणालं तर मी अजूनही फ्लोराइट काढतो, आणि ती पांढरी आहे म्हणून भारी असं कोणी म्हणालं तर निकॉन काढतो.

परवा काकांचा फोन आला. पांढरी जुन्या बाजारात केवढ्याला पडेल? मी म्हटलं, काका, तुमच्या निकॉनला कॅननची लेन्स बसणार नाही, बॉडीसकट सगळं बदलावं लागेल, आणि तुम्हाला गरज काय? ते म्हणाले, "तुझं सोपं आहे रे." मग जरा थांबून म्हणाले, "निकॉननेही मधे फिकट करड्या काढल्या होत्या ना? तसली ८०-२०० कुठे मिळते का बघ. रात्री पांढरीच दिसेल."

बघतोय. कोणाकडे असेल तर कळवा.