तुम्ही विचारलंत म्हणून: बाळासाठी बाबागाडी कोणती घ्यावी?

"काका, गाडी कुठून घेतलीत? आमच्या बाळासाठी कोणती घेऊ?" हा प्रश्न मला एरंडवण्यात विचारला जातो, डेक्कनला विचारला जातो, अगदी दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसलो असतानाही. नातीला घेऊन मी रोज बाहेर पडतो आणि पुण्यात अजूनही बाबागाडी ढकलणारे आजोबा चटकन नजरेत भरतात, म्हणून असेल. पिंपरीतल्या कारखान्यात माझी नोकरीची सगळी वर्षं चाकं, बेअरिंग आणि स्प्रिंगांमध्ये गेली हे ज्यांना माहीत आहे, ते तर हक्कानं विचारतात.

मी कंपनीचं नाव सांगत नाही. उलट मीच विचारतो: घर कितव्या मजल्यावर? लिफ्ट आहे का? बाळाला घेऊन रोज कुठवर जाणार? आणि गाडी उचलणार कोण? समोरच्याला वाटतं, काका टाळतायत. पण निवड या उत्तरांतच असते. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर सगळ्याच गाड्या एका बोटानं चालतात.

त्याही आधी येते बाळाची मान. नवजात बाळाला ती सावरता येत नाही. मान धरायला साधारण तीन-चार महिने लागतात, आधाराशिवाय बसायला सहा महिने किंवा त्याहून जास्त. इतक्या लहान बाळाला अर्धवट बसत्या सीटमध्ये ठेवलं की डोकं पुढे झुकतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. बाळ रडत नाही, शांत झोपल्यासारखं दिसतं, म्हणून तर याची जास्त काळजी करायची. तेव्हा पहिल्या महिन्यांसाठी पाठ पूर्ण आडवी होणारी गाडी हवी, नाहीतर वर बसवता येणारा सपाट तळाचा कॅरीकॉट, म्हणजे बाळाला झोपवायची टोपली. खोक्यावर 'जन्मापासून' असं छापलेलं असलं तरी दुकानात पाठ मागे पाडून स्वतः बघा. छत्रीसारख्या मिटणाऱ्या हलक्या गाड्यांची सीट बहुधा झोळीसारखी खोलगट असते. त्या बाळ नीट बसायला लागल्यावरच कामाच्या.

सपाट म्हणजे सपाटच. खाली मऊ गादी, बाजूला लोड, डोक्याखाली मोहरीची उशी, हे गाडीत नको. मोहरीच्या उशीवरून आमच्याही घरी बोलणं झालं. माझ्या बायकोनं आमची दोन्ही मुलं त्या उशीवर वाढवली, त्यामुळे तिला ते पटायला वेळ लागला. बालरोगतज्ज्ञांनी समजावून सांगितल्यावर तिनं स्वतःच ती उशी कपाटात ठेवली.

आणि घाई कशाची? आपल्याकडे सव्वा महिना बाळ-बाळंतीण घराबाहेर पडत नाहीत. पुढे दीड महिन्याच्या लशीला नेतात तेही बहुतेक उचलून, रिक्षातून किंवा कारमधून. म्हणजे गाडीचा खरा वापर दुसऱ्या महिन्यानंतरच सुरू होतो. नवव्या महिन्यात बाजार पालथा घालायची काही गरज नाही. बारशाला कुणी बाबागाडी देणार असेल तर मोकळेपणानं सांगा, की निवड आम्ही करू, तुम्ही पैशात मदत करा. नातेवाइकांना त्याचं वाईट वाटत नाही. न विचारता आलेल्या आणि जिन्याखाली पडून राहिलेल्या गाड्या मी कितीतरी सोसायट्यांमध्ये पाहिल्या आहेत.

आता रस्ता. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझा जीव यातच अडकलेला आहे.

रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची पादचाऱ्यांच्या सोयींसाठी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आयआरसी १०३. फुटपाथची कड रस्त्यापासून १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावी आणि चालायला निदान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी, असं त्यात आहे. पण नियमातली ही १५० मिलिमीटरची कडसुद्धा सहा इंच झाली. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त गाड्यांच्या पुढच्या चाकांचा अख्खा व्यास जेमतेम तेवढाच असतो. चाक एखाद्या पायरीवर नुसतं ढकलून चढवायचं तर पायरीची उंची चाकाच्या त्रिज्येपेक्षा बरीच कमी लागते. ती जसजशी त्रिज्येच्या जवळ जाते तसा लागणारा जोर बेसुमार वाढतो आणि त्रिज्येइतकी झाली की कितीही ढकला, चाक चढत नाही. सहा इंची चाकाची त्रिज्या तीन इंच. म्हणजे फुटपाथची कड सोडाच, ड्रेनेजचं वर आलेलं झाकण किंवा उखडलेला पेव्हर ब्लॉकही त्याला जड जातो.

मग आपण काय करतो? हँडल खाली दाबून पुढची चाकं उचलतो, ती कडेवर टेकवतो आणि मागची चाकं वर ओढून घेतो. ही कसरत दर शंभर पावलांना करावी लागते, म्हणून गाडी बघताना हँडल जोरात दाबून बघा. सांधा कुरकुरला, दांडा वाकला, तर ती गाडी ठेवून द्या. मागची चाकं पुढच्यांपेक्षा मोठी असावीत, आठ-दहा इंची मिळाली तर उत्तम. पुढची चाकं फिरती असावीत, पण खडबडीत जागी ती सरळ ठेवणारी खिट्टी हवी. चाक हातानं फिरवा आणि कान द्या. बेअरिंगचं चाक बराच वेळ बिनआवाज फिरतं, नुसत्या प्लॅस्टिकच्या बुशवरचं, म्हणजे आत साधी नळी असलेलं, चाक लवकर थांबतं आणि पुढे पावसाळ्यानंतर करकरायला लागतं. टायर हवेचे असतील तर धक्के फार छान गिळतात आणि सायकलच्या दुकानात त्यांचं पंक्चरही निघतं. फोमच्या टायरना ती भानगडच नाही. आमच्या भागातल्या रस्त्यांसाठी मी फोमचे मोठे टायर निवडले. कोथरूडच्या आतल्या बाजूला, बावधन-सूसकडे जिथं रस्ते कायम खणलेले असतात, तिथं मी हवेचे सुचवतो.

कडेवरून खाली उतरताना गाडी उलटी करा आणि आधी मागची चाकं उतरवा, म्हणजे बाळ पुढे कलंडत नाही. पावसाच्या पाण्याच्या जाळ्या तिरक्या ओलांडा, कारण अरुंद चाक जाळीच्या फटीत सरळ रुततं. आणि फुटपाथवर दुचाकी चढू नयेत म्हणून जे खांब रोवतात, त्यांच्यातलं अंतर एकदा टेपनं मोजून घ्या. दुचाकीवाला कुठून तरी वाट काढतोच, आजोबा मात्र बाळासकट रस्त्यावर उतरतात.

असं सगळं असूनही मी हट्टानं गाडी घेऊन जातो, कारण चांगला रस्ताही याच शहरात आहे. पुणे महापालिकेनं २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं आणि त्याच सुमारास जंगली महाराज रस्त्याचे पदपथ नव्यानं बांधायला घेतले. तिथं संभाजी बागेच्या बाजूनं बाबागाडी घेऊन चालून बघा. रुंद पदपथ, उतार, बसायला बाक, झाडांची सावली. २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवतात, तेव्हाही आवर्जून जा. एरवी त्या गर्दीत बाळाला घेऊन जायची माझी हिंमत होत नाही. मेट्रोच्या स्थानकांना लिफ्ट आहेत, त्यामुळे गरवारे कॉलेजहून वनाजला जाणं मला रिक्षापेक्षा सोपं वाटतं.

लिफ्टवरून आठवलं. जुन्या इमारतींमध्ये चार माणसांची लिफ्ट असते. भारतीय मानकाप्रमाणे तिचं दार साधारण ७०० मिलिमीटर रुंद आणि आतली खोलीही तेवढीच असते. दारातून गाडी शिरेल, पण उघडी गाडी लांबीला त्याहून जास्त असते, मग लिफ्टचं दार लागणार कसं? दुकानात जायच्या आधी लिफ्ट आतून मोजा, सोबत टेप न्या आणि गाडीही मोजा. लिफ्टच नसेल तर वजन हा सगळ्यात मोठा प्रश्न. कॅरीकॉटवाल्या भरभक्कम गाड्या दहा ते चौदा किलोच्या असतात, हलक्या सहा-सात किलोच्या. बाळाचं वजन पाच महिन्यांत जन्माच्या दुप्पट आणि वर्षात तिप्पट होतं, हे विसरू नका. सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका मुलीला मी स्पष्ट सांगितलं, की भारी गाडी घेऊ नकोस. पहिले महिने बाळाला कापडी झोळीनं छातीशी बांधून ने, चेहरा दिसता आणि नाक मोकळं ठेव, आणि बाळ बसायला लागलं की हलकी मिटणारी गाडी घे. तिला सिझेरियननंतर जिने चढायचे होते. अशा वेळी गाडीपेक्षा आईचं शरीर महत्त्वाचं.

छत्रीसारख्या मिटणाऱ्या गाडीचं मला एक वेगळंच कौतुक आहे. ती बनवली ओवेन मॅक्लॅरेन नावाच्या ब्रिटिश अभियंत्यानं. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या पोटाखालच्या चाकांच्या रचनेवर काम केलेला हा माणूस. नातवंडाला घेऊन मुलगी भेटायला आली, तिची अवजड गाडी त्यानं पाहिली आणि १९६५ मध्ये ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, तीन किलोच्याही आत वजनाची, छत्रीसारखी मिटणारी गाडी तयार केली. एका आजोबांनी नातवंडासाठी केलेलं हे काम जगभर पोचलं, याचा मला फार आनंद वाटतो. घडी मात्र दुकानात स्वतः घालून बघा, तीही एका हातानं, कारण दुसऱ्या हातात बाळ असणार. उघडल्यावर खिट्टी 'खट्' करून बसली पाहिजे आणि मध्येच सुटू नये म्हणून दुसरं कुलूप असलं पाहिजे. घडी घालताना बोटं चेंगरतील अशा फटी कुठं आहेत तेही बघा.

बाळाचं तोंड कुणीकडे असावं, हाही प्रश्न येतो. सुरुवातीला आपल्याकडेच. डंडी विद्यापीठातल्या सुझॅन झीडिक यांनी २००८ मध्ये ब्रिटनमधल्या बाबागाड्यांचा अभ्यास केला, त्यात बाळ समोरासमोर असताना आईवडील त्याच्याशी दुपटीनं बोलतात असं दिसलं. मला हे अनुभवानं आधीच पटलेलं होतं. नात माझ्याकडे बघत असली की मी तिला कावळा, बस, फुगेवाला सगळं सांगत जातो. दोन्हीकडे फिरवता येणारी सीट जरा महाग पडते, पण या एका गोष्टीसाठी जास्त पैसे द्यायला मी सांगेन.

हवेबद्दलही सांगायलाच हवं. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठातले प्रशांत कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मांडलं, की बाबागाडीतली बाळं मोठ्या माणसांपेक्षा ६० टक्क्यांपर्यंत जास्त प्रदूषण श्वासात घेऊ शकतात. कारण साधं आहे: वाहनांचा धूर जमिनीपासूनच्या पहिल्या मीटरभरात जास्त असतो आणि बाळाचं नाकही तिथंच असतं. म्हणून सीट जितकी उंच तितकी चांगली. कर्वे रस्त्यानं जाण्यापेक्षा आतल्या गल्लीनं जा, आणि सिग्नलला उभं राहायची वेळ आली तर चार पावलं मागे थांबा.

त्यावर कुणी म्हणतं, मग वरून कापड टाकतो. उन्हातही लोक तेच करतात, पण कोरडं कापड किंवा शाल गाडीवर पांघरली की आत हवा कोंडते आणि तापमान वाढतं. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत हे फार वाईट. खाली ओढता येणारं मोठं छप्पर, मागे जाळीची खिडकी आणि घाम शोषणारं सुती अस्तर असलेली गाडी घ्या. दुपारी बाळाला बाहेर नेऊच नका. डासांसाठी जाळी वेगळी मिळते, ती संध्याकाळी लावा.

ब्रेक एकाच पायानं दोन्ही मागच्या चाकांना लागणारा असावा. दुकानात उतार नसला तर बाहेर नेऊन बघा म्हणून सांगा, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. पट्टा पाच ठिकाणी बांधणारा हवा: दोन खांद्यांवर, दोन कमरेला, एक पायांमधून. बाळ झोपलेलं असलं तरी बांधा. हँडलला भाजीची पिशवी अडकवू नका. बाळाला उचललं की गाडी मागे कलंडते आणि बाळ आत असतानाही कडेवर चढवताना तेच होऊ शकतं. सामान खालच्या टोपलीत.

पैशाचं म्हणाल तर चार-पाच हजारांपासून साठ हजारांपर्यंत आणि त्यापुढेही गाड्या मिळतात. माझ्या मते जुनी पण दणकट गाडी नव्या लेच्यापेच्या गाडीपेक्षा केव्हाही चांगली. जुनी घेताना सांध्यांपाशी तडा, उसवलेला पट्टा, ढिली खिट्टी, झिजलेला ब्रेक एवढं बघा. कापड धुता येतं, चाकं बदलता येतात, तडा गेलेला सांगाडा मात्र घेऊ नका.

हे सगळं ठरवायच्या आधी एक काम करा. ज्या वाटेनं रोज जाणार आहात ती वाट एकदा नुसती चालून या. कड किती उंच, खांब कुठे, सावली कोणत्या बाजूला, खणलेलं कुठे आहे ते टिपून ठेवा आणि तो कागद घेऊन दुकानात जा. फुटपाथवर जिथं उतार नाही किंवा फरशी उखडलेली आहे, तिथला फोटो काढून महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात लेखी तक्रारही द्या. मी देतो. ज्या कडेवर मला गाडी उचलावी लागते, तिथंच व्हीलचेअरवरचा माणूस आणि काठी टेकत चालणारी आजीही अडकते.