तुम्ही विचारलंत म्हणून: त्यात व्ही८ का टाकत नाहीस?

माझ्या माझदा आरएक्स-७ मधलं रोटरी इंजिन काढून त्यात आठ सिलिंडरचं व्ही८ का बसवत नाही, हा प्रश्न मला किती जणांनी विचारला ते मोजणं मी कधीच सोडलंय. पार्किंगमध्ये अनोळखी माणसं विचारतात, ऑफिसात विचारतात, धाकटा भाऊ तर महिन्यातून एकदा विचारतोच. काही जण प्रश्न मला विचारतात आणि उत्तरासाठी माझ्या नवऱ्याकडे बघतात, ज्याला या गाडीचं बॉनेट कुठून उघडतं हे अजून नीट माहीत नाही. तर एकदाच सविस्तर लिहून टाकते, पुढच्या वेळी हेच पाठवीन.

गाडी म्हणजे १९९३ ची माझदा आरएक्स-७, तिसऱ्या पिढीची, जिला एफडी म्हणतात. इंजिन १३बी, दोन रोटर, दोन टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारे पंखे. रोटरीत वरखाली होणारे पिस्टन नसतात, तिकोनी रोटर गोल फिरतात, हे तुम्हाला माहितीये, माहितीये म्हणूनच तर विचारताय. सात वर्षं झाली मी हिच्यामागे लागलेय. त्यातली अडीच वर्षं ती स्टँडवर उभी होती. पैसे किती गेले हे विचारू नका, मी बेरीज केलेली नाही आणि करणारही नाही.

आधी तुमचं म्हणणं मान्य करते. एलएस१, म्हणजे सगळे सुचवतात ते व्ही८, चांगलं इंजिन आहे. १९९७ च्या कॉर्व्हेटमधून आलं, ५.७ लिटर, ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, कॅमशाफ्ट ब्लॉकच्या आत त्यामुळे हेड आटोपशीर, आणि एफडीच्या नाकात ते बसतं, कित्येकांनी बसवलंय. पूर्वी मी तोंडावर फेकायचे की नाक जड होईल, फॅक्टरीने वजन पुढच्या-मागच्या चाकांवर निम्मं-निम्मं ठेवलंय ते बिघडेल. हा मुद्दा मी आता वापरत नाही. दोन टर्बो, त्यांचे मॅनिफोल्ड, इंटरकूलर आणि ती सगळी नळकांडी काढल्यावर फरक लोक घाबरवतात तेवढा उरत नाही. ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीचं पण सांगायचे मी, १९९१ ला माझदाची ७८७बी जिंकली, चार रोटरचं इंजिन, पंचावन्न नंबर, आणि वर ठोकून द्यायचे की जिंकली म्हणून रोटरीवर बंदी घातली. ते खोटं आहे. साडेतीन लिटर पिस्टन इंजिनांचा नियम आधीच ठरलेला होता. मी ऐकीव सांगत होते, सॉरी.

आणि नाजूक आहे का? हो. मुळातच त्या रचनेत एक दुखरी जागा आहे. रोटरच्या तीन टोकांना तीन पातळ पट्ट्या, एपेक्स सील, आणि त्या हाउसिंगच्या भिंतीवरून घासत जातात, आयुष्यभर. माझदाने साठच्या दशकात कॉस्मो या गाडीसाठी हे इंजिन करायला घेतलं तेव्हा या पट्ट्या भिंतीवर ओरखडे काढायच्या, त्यांचे इंजिनिअर त्याला सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे. १९६७ ला कॉस्मो बाजारात आली म्हणजे तो प्रश्न सुटला, पण सुटला म्हणजे काय, तर व्यवस्थित वागवलंत तर सुटला. तेल जाळतं? जाळतंच, पंप मुद्दाम चेंबरमध्ये तेल सोडतो, सीलला वंगण मिळावं म्हणून. मी टाकीतही थोडं टू-स्ट्रोक तेल घालते. थंड इंजिन चालू करून दोन फूट पुढे घेऊन बंद करायचं नाही, प्लग पेट्रोलमध्ये बुडतात. हे सगळं मला माहीत होतं. गाडी घेतली त्या आठवड्यात मी एक वही केली होती आणि त्यात हे सगळं लिहून काढलं होतं.

वहीचा विषय निघालाच आहे तर त्या रात्रीचंही सांगते. नेहमी मी हे गाळून पुढे जाते.

थंडीचे दिवस होते आणि नवा एक्झॉस्ट लावून चार दिवस झाले होते. धूर साफ करणारा पहिला डबा, प्रीकॅट, काढलेला, टर्बोमागचा मोठा डाउनपाइप, मागचा मफलर जवळजवळ रिकामा. एफडीवाल्यांना हे पाठ असतं की एक्झॉस्ट मोकळा केला की वेस्टगेटचं छिद्र अपुरं पडतं, जास्तीचा वायू बाजूने सोडायला वाटच उरत नाही, तो सगळा टर्बाइनवर जातो आणि तुम्ही काही न करता बूस्ट, म्हणजे इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब, चढत राहतं. क्रीप म्हणतात त्याला. हवा थंड असेल तर आणखी चढतं. आणि चढलं की त्या प्रमाणात पेट्रोल लागतं, ते मूळच्या इंजेक्टरमधून एका मर्यादेपर्यंतच येतं, त्यापुढे मिश्रण पातळ व्हायला लागतं. माझ्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, "एक्झॉस्टच्या आधी वेस्टगेट", खाली दोन रेघा मारलेल्या.

मग उलटं का केलं? कारण वेस्टगेटचं छिद्र मोठं करायला टर्बो खाली उतरवावे लागतात आणि एक्झॉस्ट एका शनिवारी लागतो. आणि वेस्टगेट मोठं केल्याचं कुणाला ऐकू येत नाही. हे दुसरं कारण मी पहिल्यांदाच लिहितेय. वर फॅक्टरीचा ईसीयू, इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, काढून दुसरा बसवला होता, आणि बूस्ट हाताबाहेर गेलं की पेट्रोल तोडून इंजिन वाचवायची जी सोय असते ती मी त्यात बंद करून ठेवली होती, का तर मध्येच झटका बसतो. मॅप, म्हणजे कधी किती पेट्रोल सोडायचं त्याचा तक्ता, दुसऱ्याच एका गाडीचा, "सध्या चालेल" म्हणून टाकलेला. सध्या चालेल! त्या वेळच्या मला मी आज भेटले तर तिच्या हातातला पाना काढून घेईन, पण ती ऐकणार नाही, तिला सगळं माहीत होतं.

भाऊ शेजारी बसला होता. रस्ता मोकळा, सरळ. दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकली, साडेचार हजारला दुसरा टर्बो जागा झाला, ती जी पाठीत बसणारी दुसरी थाप आहे ना, ती मला या गाडीत सगळ्यात आवडते. काटा ०.७ बारवर थांबायला हवा. तिसऱ्यातच ०.८ ला टेकला. चौथा टाकला. गेज त्याच्या बाजूला होता म्हणून तो वाचत होता, ०.८५, ०.९, मग म्हणाला, "ताई, काटा थांबत नाहीये."

मी म्हटलं, "कळतंय मला."

आणि पाय काढला नाही. दोन सेकंद, फार तर तीन. मला खरंच कळत होतं, हेच तर आहे, न कळून झालं असतं तर मी आज इतकं लांबण लावलं नसतं.

आवाज मोठा नव्हता. ओला टॉवेल झटकल्यासारखा एक फट्, बस्स. धूर नाही, आग नाही, दिवा नाही. ताकद एकदम निम्मी झाली, मी कडेला घेतली तर आयडलला सगळी गाडी हलायला लागली, बप्-बप्, मग काहीच नाही, मग बप्. भावाने माझ्याकडे बघितलं नाही, समोर बघत बसला. टोइंगवाला येईपर्यंत दीड तास आम्ही हीटर बंद असलेल्या गाडीत बसलो आणि त्याच्या ऑफिसविषयी बोललो.

दुसऱ्या दिवशी मागच्या रोटरचा प्लग काढला, पेट्रोलचा फ्यूज काढला, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून भावाने स्टार्टर मारला आणि मी प्लगच्या भोकापाशी कान लावला. धड इंजिनात तीन सारखे फुस्कारे येतात, फस् फस् फस्, फस् फस् फस्, रोटरच्या तीन बाजूंचे. माझ्या कानाला एक जोरात फस् आणि मग दोन नुसते श्वास सोडल्यासारखे. एक जोरात, दोन मेलेले. एक सील दोन चेंबरच्या मध्ये असतं, ते गेलं की दोन्ही जातात, म्हणून दोन. मी त्याला हात करून थांब म्हटलं, त्याला वाटलं अजून मार, तो मारत राहिला. ते फस्-हुं-हुं मी जवळजवळ अर्धा मिनिट ऐकलं.

उघडल्यावर दिसलं ते थोडक्यात सांगते. दोन मिलिमीटर जाड, साधारण ऐंशी मिलिमीटर लांब पट्टी, तिच्या टोकाचा नखाएवढा तुकडा नाही. तो भिंतीच्या क्रोमवर खोल चरा काढत फिरला, एक्झॉस्ट पोर्टमधून बाहेर पडला आणि जाता जाता टर्बाइनची पाती टवके उडवून गेला. रोटर, हाउसिंग, टर्बो, एकदम. नखाएवढा तुकडा.

भावाने आजपर्यंत "सांगितलं होतं ना" असं एकदाही म्हटलेलं नाही. त्याऐवजी तो विचारतो, ताई, व्ही८ का टाकत नाहीस. तुम्ही सगळे विचारता तेव्हा मी चिडते ती तुमच्यावर नाही, मला दर वेळी त्याचाच आवाज ऐकू येतो.

मग इंजिन मी स्वतः बांधायला घेतलं. बाहेर दिलं असतं तर लवकर झालं असतं, हेही तुमचं बरोबर. पण मला तो तुकडा बघितल्यावर कुणाच्या हाती द्यावंसं वाटेना, म्हणजे माझ्या हाती तरी का द्यावं असाही प्रश्न होताच. रोटरच्या सपाट बाजूंवरची साइड सील बारा असतात, प्रत्येक आपापल्या खाचेत हाताने कानशीने घासून बसवायचं, टोकाशी फट ०.०५ ते ०.१५ मिलिमीटर ठेवायची. बारीक घासायचं, पुसायचं, खाचेत ठेवायचं, फीलर गेजची पाती सरकवून बघायची, नाही जात, परत काढायचं, दोन हात मारायचे. पाती अडकत अडकत आत जाते तो क्षण आला की थांबायचं. जेवणाच्या टेबलावर पांढरं कापड, त्यावर बारा खुणा, आणि मी तीन रात्री. सातवं जास्त घासलं गेलं. ते फेकलं नाही, अजून पर्समध्ये आहे. कॉर्नर सील व्हॅसलीनने चिकटवून ठेवायची नाहीतर रोटर उतरवताना पडतात. आणि पुढचा बोल्ट आवळताना शाफ्ट जागेवरून सरकला तर आतलं थ्रस्ट बेअरिंग घसरून चिरडतं आणि ते बाहेरून दिसत नाही, म्हणून इंजिन उभं ठेवून, तोंड वर करून आवळायचं. मी ते तीनदा उघडून बघितलं. तिन्ही वेळा ठीक होतं.

वेस्टगेट या वेळी आधी. मोठे इंजेक्टर, मोठा रेडिएटर, प्लॅस्टिकच्या कूलंट टाकीच्या जागी अ‍ॅल्युमिनियमची, ती प्लॅस्टिकची फुटतेच. मॅप या गाडीवर बसून केलेला. पेट्रोल तोडायची सोय चालू. टर्बो एकामागून एक जागे करणारं व्हॅक्यूम पाइपांचं जंजाळ काढून टाक, दोन्ही टर्बो एकदम चालव, सोपं पडेल, असं सगळे म्हणाले, मी एकेक पाइप सिलिकॉनचा बदलून ते जंजाळ तसंच ठेवलं, त्या साडेचार हजारच्या थापेसाठी. हा शहाणपणा नाही, हट्ट आहे, मान्य. पहिले दोन हजार किलोमीटर बूस्टशिवाय चालवली, मागून स्कूटरवाले हॉर्न मारून पुढे जायचे.

तर व्ही८ का नाही. बरीच वर्षं मी सांगत आले की चूक इंजिनाची नव्हती, माझी होती, मग शिक्षा इंजिनाला का. ऐकायला बरं वाटतं. पण तीच चूक मी पिस्टनच्या इंजिनात केली असती तर? तेही फुटलं असतं कदाचित, पण त्यातली बरीचशी आधी खडखडतात, इशारा देतात, तेवढ्यात पाय निघतो. रोटरीत ती खडखड, नॉक, कानाला कळेपर्यंत सील गेलेलं असतं. आणि मला तर इशारा मिळालेला होता, शेजारच्या सीटवरून, स्वच्छ मराठीत. म्हणजे माझ्यासारखीने नेमकं हेच इंजिन ठेवावं की नेमकं हेच ठेवू नये? मला दोन्ही बाजूंनी भांडता येतं, आणि बहुतेक रात्री मी भांडतेच.

भाऊ आता बसतो गाडीत. परवा चौथ्यात मी ०.७ ला पोचायच्या आतच पाय काढला, तो काही बोलला नव्हता तरी. तो म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं काही नाही.

मागच्या आठवड्यात कॉम्प्रेशन, म्हणजे चेंबर किती दाब धरतात ते, परत मोजलं. पुढचा रोटर तिन्ही बाजूंना सारखा. मागच्याची एक बाजू जराशी कमी आली, मर्यादेच्या आत आहे, पण गेल्या वर्षी ती कमी नव्हती. दोनदा मोजलं. भावाला सांगितलं नाही. त्याने मात्र त्याच रात्री, काही माहीत नसताना, एलएसच्या माउंट किटची लिंक पाठवली, खाली नुसतं "?" टाकून. मी अजून उत्तर दिलेलं नाही. लिंक उघडून बघितली आणि मापं वहीत उतरवून घेतली, मागच्या पानावर.