धुरामागची तंबाखू

धुराच्या वासाच्या पाईप-तंबाखूविषयी मत देणे वाटते त्यापेक्षा अवघड असते, कारण डबा उघडताच तो वास नाकात असा शिरतो की मत तिथल्या तिथे बनून जाते. ज्याला तो आवडतो तो पुढे काहीही ओढायला मिळाले तरी खूश राहतो, आणि ज्याला आवडत नाही तो काडी लावण्याआधीच डबा मिटून ठेवतो. दोघांनीही मिश्रणाची परीक्षा केलेली नसते. त्यातल्या एकाच घटकाशी, म्हणजे लताकिया या धुरी दिलेल्या तंबाखूशी, त्यांची तोंडओळख झालेली असते. लंडनहून आलेल्या एका नातेवाइकाने आणलेला ‘नाइटकॅप’ या मिश्रणाचा डबा मी सध्या सवडीने संपवतो आहे. त्याविषयी लिहिताना धुराचे कौतुक शक्य तितके मागे ठेवावे आणि धुरामागे काय शिल्लक राहते ते पाहावे, असे ठरवले आहे.

आरोग्याचे आधीच सांगून टाकतो. पाईपचा धूर छातीत घेत नाहीत, एवढ्यावरून तो निरुपद्रवी ठरत नाही; तोंडाच्या, जिभेच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका त्याने वाढतो आणि निकोटिनची सवय लागायची ती लागतेच. ज्यांना ही सवय नाही त्यांनी हा लेख माहितीसाठी वाचावा.

आपल्याकडच्या माणसाला तंबाखू म्हटले की निपाणी आठवते. त्या परिसरातली बिडीची तंबाखू उन्हात वाळते, मग तिचा चुरा करतात. तिच्या वाळवणीत धुराला काही काम नसते. आंध्रातल्या गुंटूरकडची व्हर्जिनिया जातीची तंबाखू वेगळ्या रीतीने तयार होते. ती बंद कोठीत टांगतात, भट्टीची उष्णता नळ्यांतून आत फिरवतात आणि धूर पानाला लागणार नाही याची काळजी घेतात, म्हणून पान पिवळे राहते आणि त्यातली साखर टिकते. लताकियाच्या बाबतीत हा सगळा खटाटोप उलट दिशेने चालतो, कारण तिथे धूर लागावा म्हणूनच विस्तव पेटवलेला असतो. सीरियाच्या किनाऱ्यावरच्या लताकिया बंदरावरून या तंबाखूला नाव मिळाले, पण आज डब्यांतून येते ती बहुतेक सगळी सायप्रसची. सीरियातली लताकिया बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली आहे, आणि धुरीसाठी होणारी जंगलतोड हे त्यामागचे एक कारण मानले जाते. सायप्रसमध्ये स्मर्ना, म्हणजे आजचे इझमिर, इथल्या जातीचे लहान पान आधी उन्हात वाळवतात. मग ते कोठीत टांगून खाली मॅस्टिक, मर्टल, पाइन, सायप्रेस अशा झाडाझुडपांच्या लाकडाचा विस्तव ठेवतात. तो भडकू द्यायचा नाही, नुसता धुमसत ठेवायचा. आठवडेच्या आठवडे अशी धुरी खाऊन पान काळे पडते.

लाकडातले लिग्निन जळताना ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल यांसारखी फिनॉल वर्गातली द्रव्ये तयार होतात, आणि ‘धुराचा वास’ म्हणून आपल्याला जे जाणवते त्यात मोठा वाटा या द्रव्यांचा असतो. पाइनच्या धुरावर वाळवलेला लॅपसांग सूचाँग हा चिनी चहा ज्यांनी घेतला असेल त्यांना लताकियाचा वास अर्धा परिचित वाटेल. माझ्या वयाच्या पुणेकरांना वेगळी खूण सांगता येईल. वाड्यातल्या न्हाणीघरात तांब्याचा बंब पेटलेला असे, आणि त्याच्या जवळ वाळत घातलेल्या पंच्याला दिवसभर जो वास लागून राहत असे, तो वास या डब्यात आहे. फक्त त्याला इथे राळेची आणि चामड्याची जोड मिळालेली आहे.

मात्र एवढी धुरी खाल्लेली ही तंबाखू ओढताना तिखट नसते. लताकियात साखर कमी असते, तिचे निकोटिनही फार नसते. ती सावकाश आणि थंड जळते आणि सहसा जीभ पोळू देत नाही. वास जेवढा दांडगा तेवढा तिचा जोर नाही. म्हणून लताकियाचे मिश्रण ‘कडक’ आहे असे कोणी म्हणू लागले की तो वासाविषयी बोलतो आहे की ताकदीविषयी, हे आधी विचारून घ्यावे लागते. ताकद, गोडवा, आंबटपणा, जिभेवर रेंगाळणारी चव हे सगळे दुसऱ्या पानांनी पुरवायचे असते. ती पाने हलकी निवडली, किंवा लताकिया इतकी ओतली की त्यांना तोंड उघडायला जागाच उरली नाही, तर पाईपभर धूर मिळतो आणि चव मिळत नाही. बाजारातल्या बऱ्याच धुरकट मिश्रणांविषयी माझी तक्रार एवढीच आहे.

आल्फ्रेड डनहिल यांनी लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर 1907 मध्ये तंबाखूचे दुकान काढले आणि डनहिलच्या नावाने पुढे जी मिश्रणे प्रसिद्ध झाली त्यांत नाइटकॅपचे नाव आहे. 2018 मध्ये डनहिलच्या नावाची पाईप-तंबाखू बंद झाली आणि त्यानंतर हीच मिश्रणे पीटरसन या आयरिश पाईप-कंपनीच्या नावाने येऊ लागली. जुने डबे श्रेष्ठ की नवे, या वादात मी पडत नाही. जुना सीलबंद डबा कितीही वर्षांनी उघडला तरी तो आजच्या ताज्या डब्यासारखा लागणे शक्य नसते, त्यामुळे ती तुलनाच मला फारशी प्रामाणिक वाटत नाही. नाइटकॅपमध्ये लताकिया, व्हर्जिनिया, ओरिएंटल आणि पेरीक अशी चार प्रकारची तंबाखू आहे. ओरिएंटल म्हणजे तुर्कस्तान, ग्रीस या बाजूची उन्हात वाळवलेली बारीक पाने. त्यांच्यात किंचित आंबूस, मसालेदार सुगंध असतो. पेरीक अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात, सेंट जेम्स परगण्यात तयार होते. ओलसर पाने ओकच्या पिंपांत ठासून, वर स्क्रूचा दाब देऊन महिनोन्‌महिने मुरवतात, मध्येच बाहेर काढून हवा देतात आणि पुन्हा दाबतात. तिला अंजिराचा आणि व्हिनेगरचा वास येतो आणि ओढताना मिरीची चुणचुण जाणवते. तिचे प्रमाण नेहमी थोडेच असते, पण एकदा जाणवली की विसरता येत नाही.

डब्याचे झाकण नाण्याच्या कडेने उचकटावे लागते. आत बारीक फितीसारखी कापलेली काळी-तपकिरी तंबाखू असते. मधूनमधून पिवळट धागे दिसतात ते व्हर्जिनियाचे. ताज्या डब्यातली तंबाखू ओलसर असते आणि तशीच भरली तर पाईप सारखा विझतो, दांडीत पाणी गुरगुरते आणि वाफेने जीभ पोळते. पुण्यात राहणाऱ्याला इथे ऋतू बघावा लागतो. मे महिन्याच्या दुपारी कागदावर पसरलेली तंबाखू बघता बघता वाळते आणि दुर्लक्ष झाले तर कुरकुरीत होऊन तिचा चुरा पडतो; श्रावणात तीच तंबाखू तासभर ठेवली तरी बोटाला चिकटत राहते, आणि मग टेबलावरच्या दिव्याखाली तिला ऊब द्यावी लागते. चिमटीत दाबून सोडल्यावर ती हळूहळू उलगडली आणि बोटाला ओल जाणवली नाही, की भरायला घ्यावी. आम्ही पावसाळ्यात उघडलेला डबा तसाच ठेवत नाही. रबरी कड्याच्या काचेच्या बरणीत काढतो.

लताकियासाठी वेगळा पाईप ठेवणे भाग असते. पाईप ज्याचे करतात ते ब्रायरचे लाकूड हा वास धरून ठेवते आणि पुढे त्यात व्हॅनिलाची किंवा निव्वळ व्हर्जिनियाची तंबाखू भरली तरी मागून लताकिया बोलत राहते. मी रुंद वाटीचा, जाड भिंतीचा ब्रायर यासाठीच राखला आहे. अरुंद वाटीत या मिश्रणातले घटक एकमेकांवर चढतात असा माझा अनुभव आहे, म्हणजे अर्थातच माझ्या जिभेचा.

ओढण्याची वेळ रात्रीच्या जेवणानंतरची. नावच नाइटकॅप असल्यामुळे ते सांगायला नको, पण व्यवहारातले कारण वेगळे आहे: यात निकोटिन बऱ्यापैकी आहे आणि रिकाम्या पोटी ओढल्यास डोके गरगरते. सोबत चहा-कॉफी न घेता साधे पाणी ठेवावे, कारण चहाचा तुरटपणा ओरिएंटलच्या आंबूसपणावर बसतो आणि मग कोणती चव कुणाची हे कळेनासे होते. पहिली काडी नुसती वरचा थर काळा करण्यापुरती लावायची, टॅम्परने, म्हणजे तंबाखू दाबायच्या दट्ट्याने, हलके दाबायचे आणि दुसऱ्या काडीने खरी सुरुवात करायची.

पहिल्या एक-तृतीयांश हिश्श्यात मी मुद्दाम काहीच ठरवत नाही. तिथे लताकिया आणि फक्त लताकिया असते. धूर, राळ, जुने चामडे. मग नाकाला त्या वासाची सवय होते, म्हणजे तो जाणवेनासा होतो, आणि इतरांना बोलायला वाव मिळतो. परीक्षेची वेळ ही असते. धूर तोंडात फिरवून थोडासा नाकावाटे सोडला की या टप्प्यावर व्हर्जिनियाचा मंद गोडवा कळतो आणि त्याच्या कडेने ओरिएंटलची आंबूस झुळूक येते. गोडवा इथे अगदी मोजका आहे. मला तो थोडा अधिक चालला असता, कारण मधल्या टप्प्यात मिश्रण काही झुरके पातळ पडल्यासारखे वाटते: लताकिया मागे सरकलेली आहे, पेरीक अजून आलेली नाही आणि व्हर्जिनियाला एकटीने सभा पेलवत नाही. या मिश्रणाचा एवढाच खरा दोष मी मांडेन. घाईने ओढले तर तो अधिक जाणवतो, आणि वाटी हाताला गरम लागेपर्यंत ओढत राहिले तर गोडवा पार निघून जाऊन नुसती जळकी चव उरते. झुरके लांबवून, पाईप जवळजवळ विझण्याच्या बेतात ठेवला तर हाच टप्पा सर्वांत सुंदर होतो, आणि काडी पुन्हा लावावी लागली तरी त्यात कमीपणा नाही.

पेरीक शेवटच्या हिश्श्यात येते. मिरीची चुणचुण आधी जिभेच्या टोकाला आणि मग नाकात वरच्या बाजूला जाणवते, धूर भारदस्त होतो, आणि सुरुवातीला ज्याच्याकडे दुर्लक्ष करायचे ठरवले होते तो लताकियाचा वास या तिखटाशी हातमिळवणी करून परत येतो. आता तो एकटा नसतो, म्हणून आवडतो. तळाशी करडी राख आणि अगदी थोडा ओलसर गोळा उरतो. तंबाखू नीट वाळवली होती की नाही याची ती साक्ष असते.

तोंडातली चव आणि खोलीतला वास या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीविषयी माझे मत कोणी विचारत नाही. 2 ऑक्टोबर 2008 पासून देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे, तेव्हा पाईप ओढणाऱ्याला स्वतःच्या घराशिवाय फारशी जागा नाही, आणि घरात कपाटातल्या साड्यांना हा वास लागतो म्हणून आमच्याकडे मला घरच्या गच्चीचा रस्ता दाखवलेला आहे. तिथून वास खाली उतरतो. एकदा तळमजल्यावरच्या आजींनी हाक मारून विचारले, “अहो, बघा हो जरा, मागच्या बाजूला कुणी पालापाचोळा पेटवलाय का?” मी पाहतो म्हणालो आणि वाटी हाताने झाकली. चेरी किंवा व्हॅनिला लावलेल्या तंबाखूचा वास शेजाऱ्यांना आवडतो आणि ओढणाऱ्याच्या तोंडात त्यातले फारसे काही पोचत नाही. लताकियाचे नेमके याच्या उलट आहे.

याच घराण्यातल्या इतर दोघांशी तुलना केली तर नाइटकॅपची जागा स्पष्ट होते. ‘माय मिक्श्चर 965’ मध्ये कॅव्हेंडिश या वाफ आणि दाब देऊन मऊ केलेल्या तंबाखूमुळे कडा गोल झालेल्या असतात. ते कुठेही पातळ पडत नाही, पण कुठे दचकवतही नाही. ‘अर्ली मॉर्निंग पाईप’मध्ये लताकिया कमी आणि ओरिएंटल पुढे आहे. धुरकट मिश्रणे पहिल्यांदाच पाहू इच्छिणाऱ्या, पण जुन्या पाईपवाल्या मित्राला मी तेच देईन, कारण त्यात धुरामागची पाने शोधावी लागत नाहीत. नाइटकॅप त्यानंतर द्यावे. ते उंचीवर चढते आणि मध्येच घसरतेही, आणि तरी तिघांत निवडायचे झाले तर माझा हात रात्री त्याच डब्याकडे जातो. शेवटच्या हिश्श्यातली पेरीक आणि लताकिया यांची जोडी मला इतर दोघांत मिळालेली नाही.

डब्यातली निम्मी तंबाखू मी बरणीत घट्ट बंद करून, वर तारखेची चिठ्ठी चिकटवून कपाटाच्या तळाशी ठेवली आहे. बंद बरणीत व्हर्जिनिया वर्षागणिक मुरत जाते आणि लताकियाचा वास त्याच काळात हळूहळू मवाळ होतो, त्यामुळे मधल्या टप्प्याचा पातळपणा भरून निघेल अशी आशा आहे. बरणी निदान तीन वर्षे उघडायची नाही असे ठरवले आहे, आणि बाकीच्या डब्याला तेवढा धीर धरायची सक्ती नाही.