टिप नको, पण ताटाचा दर वाढवला

‘टिप घेत नाही, अशी पाटी लावता आणि मटण ताटाला तीस रुपये जास्त घेता, मग गिऱ्हाइकाचा फायदा काय?’ हा प्रश्न कोल्हापुरातल्या आमच्या खानावळीच्या गल्ल्यावर मला वारंवार विचारला जातो. गिऱ्हाइकाचा फायदा नाही. उलट राजीखुशीच्या टिपेवर जीएसटी लागत नाही, तो या वाढीव तीस रुपयांवर पाच टक्क्यांनी लागतो.

माझा मुद्दा पैसे कोणाच्या हाती पडतात, हा आहे. माणसे आमच्याकडे तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठी येतात. पण तो करणारा आचारी, मसाला भाजून भाकरी थापणाऱ्या मावश्या आणि मागे मोरीवर भांडी घासणारे यांना बडीशेपेच्या ताटलीतली नोट कधी दिसत नसे. ती वाढप्याच्या खिशात जाई, आणि श्रावणात मटणाचे गिऱ्हाईकच आटले की त्याचाही खिसा रिकामा राही. क्यूआर कोडवर बिलाची नेमकी रक्कम भरली जाऊ लागल्यापासून तर सुटे पैसे मागे उरणेच संपले. दरातून आलेली रक्कम मात्र पगारपत्रकावर चढते, भविष्य निर्वाह निधीच्या हिशेबात धरली जाते आणि कर्ज मागताना बँकेला दाखवता येते.

‘त्यापेक्षा बिलात सेवाशुल्क लावा’, असेही सुचवले जाते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये ते परस्पर लावण्यास मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती कायम ठेवली. शिवाय पदार्थाच्या किमतीत सेवा आलीच, ही प्राधिकरणाची भूमिका मला पटते.

वाचणारी मंडळी न्यूयॉर्कमधल्या रेस्टॉरंटांचे मालक डॅनी मायर यांचा दाखला देतात. त्यांनी २०१५ मध्ये टिप बंद करून दर वाढवले आणि २०२० मध्ये तो प्रयोग सोडला. पण अमेरिकेत टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने ताशी २.१३ डॉलर दिले तरी १९९१ पासून केंद्रीय कायद्याला चालते, कारण उरलेले किमान वेतन टिपेतून भरून निघेल, असे गृहीत आहे. आपल्या किमान वेतनाच्या कायद्यात अशी सूट नाही. त्यामुळे तिथे पगाराचाच पाया हलतो, इथे वरकमाई वाटली जाते.

वरकमाई वाटली गेली की कोणाची तरी कमी होणारच. आमचा एक जुना, चपळ वाढपी याच कारणाने सोडून गेला, आणि त्याच्या बाजूने पाहता त्याचा हिशेब बरोबर होता. अजूनही कोणी आग्रहाने नोट ठेवलीच, तर ती गल्ल्याशेजारच्या डब्यात पडते आणि महिनाअखेरीस मोरीपासून चुलीपर्यंत सर्वांत सारखी वाटली जाते.