तुम्ही विचारलंत म्हणून: सम्यक दृष्टी म्हणजे बरोबर मत का?

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, सोलापूरच्या बुधवार पेठेतल्या आमच्या विहारात रोज संध्याकाळी बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचतात. दुःखातून सुटायचा बुद्धांचा आठ पायऱ्यांचा अष्टांगिक मार्ग आला की कुणीतरी मला गाठतंच. "काका, सम्यक दृष्टी म्हणजे बरोबर मत ना? आपण कर्मकांड करत नाही, बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञा पाळतो. मग ही पहिली पायरी झालीच की आपली?"

मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. कर्मकांडावरचा विश्वास आणि अंधश्रद्धा सोडल्याशिवाय सम्यक दृष्टी नाही, असं बाबासाहेबांनी लिहिलंच आहे. पण त्याच ठिकाणी तिचा हेतूही सांगितलाय: अविद्येचा नाश. आणि अविद्या म्हणजे दुःख आहे, ते दूर होऊ शकतं, हे आर्यसत्य न उमगणं. हे वाक्य मी कितीदा मोठ्यानं वाचलं असेल, पण ते कळलं थोरल्या भावाच्या दारात.

वहिनींनी चौकटीला लिंबू-मिरची बांधली होती. मी ती सगळ्यांसमोर तोडून फेकली आणि वर भाषण ठोकलं. वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत. खाली वाकून त्यांनी ते लिंबू उचललं, पदरात धरलं आणि आत गेल्या. पुढं सहा महिने दोन्ही घरांत जाणं-येणं बंद.

माझं मत चुकीचं नव्हतं, आजही तेच आहे. पण लिंबू दिसलं आणि ते कशापायी बांधलंय ते मला दिसलंच नाही. पुतण्याला आकडी यायची. रात्री-अपरात्री पोर ताठ व्हायचं, तोंडाला फेस यायचा, आणि ही बाई एकटी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसायची.

मी यंत्रमागावर जॉबर होतो, म्हणजे माग दुरुस्त करून चालता ठेवणारा. एप्रिलात सोलापूरची हवा कोरडी पडली की सूत सटासट तुटतं. नवा कामगार मागाला शिव्या देतो. जॉबर आडवं सूत नेणारा धोटा चाचपतो, त्यातली सुताची कांडी बघतो, मग हवा. जमिनीवर पाणी मारलं की तुटणं कमी होतं. कारखान्यात रोज कारण शोधणारा मी, घरात मात्र नुसता तुटलेला धागा बघून ओरडत होतो.

सम्यक दृष्टीवरच्या पाली सम्मादिट्ठि सुत्तात बुद्धांचे शिष्य सारिपुत्त एकेक गोष्ट घेतात आणि तेच चार प्रश्न फिरवतात: हे काय आहे, कशातून उगवलं, कशानं थांबतं, थांबवायची वाट कोणती. ‘कोण बरोबर’ हा प्रश्न त्यात नाही. अलगद्दूपम सुत्तात तर बुद्ध सांगतात की धम्म चुकीचा धरला तर शेपटीला धरलेल्या सापासारखा उलटून डसतो. वादात जिंकायला धम्म शिकणाऱ्यांविषयीच ते बोलतायत. मी त्यातलाच होतो.

शेवटी मीच गेलो. माफी मागितली, पोराला मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं. आकडीवर गोळ्या आहेत, त्या न चुकता घ्याव्या लागतात, मनानं बंद करायच्या नाहीत, हे वहिनींना तीनदा समजावलं. लिंबाचा विषय काढला नाही.

पोर आता कॉलेजात जातं. रात्री आठला वहिनींचा फोन येतो, "भावजी, गोळी दिली." मला सांगायची खरं तर काही गरज नाही, पण त्या सांगतात, आणि फोन येईपर्यंत मी जेवायला बसत नाही.