पासिंग चुकलेल्या गाडीची भंगारात रवानगी

ऑक्टोबर 2025 मध्ये आमची पांढरी मारुती 800 भंगारात दिली. एमएच-31 क्रमांकाच्या या गाडीची नोंदणी फेब्रुवारी 2008 मधली होती. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांपुरती असते, त्यामुळे फेब्रुवारी 2023 पूर्वी ती आरटीओत नेऊन दाखवणे, म्हणजेच तिचे पासिंग करून घेणे, माझे काम होते. ते राहून गेले. सांगण्यासारखे काही कारणही नाही. घरात दुसरी गाडी आली होती आणि ही नागपुरातल्या प्रतापनगरच्या घराच्या अंगणात चिकूच्या झाडाखाली उभी होती, इतकेच.

पंधरा वर्षे झाली म्हणजे गाडी भंगारातच द्यावी लागते, असे गल्लीत बहुतेकांचे ठाम मत आहे आणि ते चुकीचे आहे. 10 वर्षांवरील डिझेल आणि 15 वर्षांवरील पेट्रोल गाड्यांचा प्रश्न दिल्ली परिसरातला, हरित लवादाच्या आणि न्यायालयाच्या आदेशांतून आलेला. बातम्या पाहून आपण तो नागपूरला लावून घेतो. स्क्रॅपिंगच्या ज्या धोरणाची मांडणी आमच्याच शहराचे खासदार असलेल्या नितीन गडकरींनी 18 मार्च 2021 रोजी लोकसभेत केली, तेही खासगी मालकाने स्वेच्छेने गाडी देण्याचे धोरण आहे. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण न करण्याचा नियम 1 एप्रिल 2023 पासून आला, तो सरकारी वाहनांसाठी. खासगी गाडी तपासणीत योग्य ठरली तर तिला आणखी पाच वर्षे मिळतात आणि त्यासाठी नमुना 25 मधला अर्ज मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून करता येतो. म्हणजे आमची गाडी सरकारने घालवली नाही, मी घालवली.

ही चूक किती महागात पडली, म्हणजे आता पासिंग करायचे तर किती खर्च, ते एका संध्याकाळी कागदावर मांडून पाहिले. नूतनीकरणाचे शुल्क पूर्वी 600 रुपये होते, ते 1 एप्रिल 2022 पासून 5,000 झाले. उशिराबद्दल दरमहा 500 रुपये, म्हणजे बत्तीस महिन्यांचे 16,000. पंधरा वर्षांवरील पेट्रोल मोटारीचा पर्यावरण कर 3,000. हे झाले 24,000, आणि त्यात विमा, पीयूसी, नवी नंबर प्लेट, बॅटरी आणि चार टायर धरलेले नाहीत. नागपूरचे तीन उन्हाळे उभ्याने काढलेल्या टायरला काय होते, ते बोटाने दाबून पाहिल्यावरच कळते: वरून शाबूत दिसणाऱ्या रबराला बाजूने बारीक भेगांची जाळी पडलेली असते आणि नख त्यात सहज शिरते. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी गादीचा कापूस आणून घर केले होते. गादी कोणाची, हे अजून समजलेले नाही.

सर्वांत आधी आला तो कबाडी. गाडीभोवती एक फेरी मारून त्याने 20,000 रुपये सांगितले आणि लगेच उचलण्याची तयारी दाखवली. आरसीचे, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राचे काय, असे विचारल्यावर तो म्हणाला, "कागदाचं काय घेऊन बसले साहेब, ते आम्ही पाहून घेऊ." हे वाक्य ऐकूनच मी नकार दिला. गाडी तुकडे होऊन विकली गेली तरी सरकारी नोंदीत ती माझ्याच नावावर राहणार होती, आणि तिची नंबर प्लेट किंवा चेसिस नंबरचा (सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकाचा) पत्रा दुसऱ्या एखाद्या गाडीवर चढला असता, तर पोलीस माझ्याच दारात आले असते. शिवाय गाडी कायमची निकामी झाल्यास चौदा दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करावी, असे मोटार वाहन कायद्याचे कलम 55 मालकालाच बजावते, कबाड्याला नाही.

शहराबाहेरच्या नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राने 15,500 रुपये देऊ केले. साडेचार हजार कमी, पण ते नोंदीतून नाव निघण्याचे मोल समजून मी मान्य केले. ऑनलाइन अर्जात मात्र गाडी अडकली, कारण तिच्यावर बँकेच्या कर्जाचा बोजा दिसत होता. कर्जाचा शेवटचा हप्ता मी 2012 मध्येच फेडला होता; बँकेचे नाव आरसीवरून काढायला नमुना 35 आणि ना-हरकत पत्र घेऊन आरटीओत जावे लागते, हे तेव्हा कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. ज्या शाखेने कर्ज दिले होते, ती दुसऱ्या शाखेत विलीन झालेली. तिथल्या तरुण अधिकाऱ्याला जुने खाते सापडायला तीन आठवडे लागले. भंगारात द्यायच्या गाडीसाठी मी जितक्या चकरा मारल्या, तितक्या ती नवी घेताना मारल्या नव्हत्या.

नेण्याच्या दिवशी केंद्राच्या माणसाने बॉनेट उघडून इंजिनामागच्या पत्र्यावरची धूळ फडक्याने पुसली, त्यावर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी करून घासली. एकेक आकडा पांढरा उमटत गेला. तो ठसा त्याने आरसीवरच्या चेसिस नंबरशी दोनदा ताडून पाहिला, मगच क्रेनचा हूक लावला. पुढे केंद्रात आधी पेट्रोल, ऑइल, कूलंट आणि बॅटरी काढतात, चेसिस नंबरचा तुकडा कापून वेगळा जपून ठेवतात आणि त्यानंतर पत्रा दाबतात.

माझ्या हाती ठेव प्रमाणपत्र, म्हणजे गाडी केंद्रात जमा केल्याचा दाखला, आले आहे. नवी गाडी घेताना ते दाखवल्यास नोंदणी शुल्क माफ होते आणि वाहन करात सवलत मिळते. केंद्र सरकारच्या नियमांनुसार ही सवलत खासगी वाहनाला कमाल 25 टक्के असू शकते, नेमकी किती ते राज्य ठरवते. प्रमाणपत्र दुसऱ्याच्या नावे करता येते. मला गाडी घ्यायची नाही, पण पुतण्याने पेढे न आणताच विचारले आहे, "काका, ते मला देता का?" त्याची गाडी अजून शोरूमच्या माहितीपत्रकातच आहे आणि प्रमाणपत्राला मुदत आहे, म्हणून त्याला दिवाळीपर्यंत ठरवायला सांगितले आहे, नाही तर ते विकून टाकीन.